एक दिवसाची सेवा: संस्थेला न विचारता ठरवू नका

या वेळच्या टपालात सामाजिक संस्थेत एक दिवस जाऊन काम करण्याविषयीची पत्रे इतकी आली, की इतर विषयांवरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवावे लागले. काही पत्रे मदत करू इच्छिणाऱ्यांची आहेत, तर काही ती मदत स्वीकारताना मेटाकुटीला आलेल्यांची. दोघांनी एकमेकांची पत्रे वाचावीत या हेतूने ती येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न: मी नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करतो. वर्षातील एका शनिवारी कर्मचाऱ्यांनी सामाजिक संस्थेत श्रमदान करावे, असा आमच्या मुख्य कार्यालयाचा आग्रह असतो. यंदा साठ जणांनी नावे दिली. एका बालगृहाने आम्हाला स्पष्ट नकार दिला आणि दुसऱ्या संस्थेने साहित्य व व्यवस्थेसाठी माणशी तीनशे रुपये मागितले. आम्ही विनामोबदला श्रम देणार असताना संस्थेने आमच्याकडूनच पैसे मागावेत, हे खटकते. आपले मत काय?

उत्तर: आपल्या पत्रातील खरा सल पैशांचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. साठ जणांचे तीनशे प्रमाणे अठरा हजार रुपये होतात. समजा, आपल्याला वसतिगृहाच्या चार खोल्या रंगवायला दिल्या. रंग, ब्रश, रोलर, घासकागद, हातमोजे, पिण्याच्या पाण्याचे जार, चहा आणि पोहे यांतच त्या रकमेचा मोठा भाग संपतो. उरलेला भाग ज्या खर्चावर जातो, तो पाहुण्यांना दिसत नाही. त्या खोल्यांतील पलंग आणि पेट्या आदल्या दिवशी कोणीतरी व्हरांड्यात काढून ठेवलेल्या असतात आणि तेथे राहणाऱ्यांची दोन रात्रींची सोय दुसरीकडे केलेली असते. एरवी शनिवारी संस्थेत चार-पाच कर्मचारी हजर असतात आणि त्यांना रोजचा स्वयंपाक, औषधे व हजेरी यांतून मान वर करायला सवड नसते. त्यांतल्याच दोघांना आपल्या साठ सहकाऱ्यांच्या मागे दिवसभर फिरावे लागते. श्रम फुकट असले, तरी ते करवून घेणे फुकट नसते. संस्थेने हा खर्च आपल्या नेहमीच्या देणग्यांतून केला असता, तर ज्या मुलांसाठी आपण जाणार होतात, त्यांच्याच ताटातून तो गेला असता. तेव्हा पैसे अवश्य द्यावेत, मात्र रीतसर पावती घ्यावी आणि रक्कम कशावर खर्च होणार, हेही विचारावे. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

रंगकामाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण एक दिवसाच्या गटांना सर्वाधिक मोह त्याचाच होतो. भिंत रंगवण्यापूर्वी ती खरवडावी लागते, भेगांमध्ये लांबी (पुट्टी) भरावी लागते, ती वाळल्यावर घासकागद मारून प्रायमर द्यावा लागतो आणि तोही पूर्ण वाळू द्यावा लागतो. सकाळी दहाला बसमधून उतरून चारला परतणाऱ्या गटाकडून यांतले काहीच होत नाही. तो थेट रंगाच्या डब्याला हात घालतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर असा रंग दिला, तर काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. एका संस्थेत मी पाहिले आहे, की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मावश्या जुने ब्लेड घेऊन शहाबादी फरशीवरचे निळे ठिपके खरवडत बसल्या होत्या आणि खिडकीच्या गजांवरचे ठिपके तर नंतरच्या दिवाळीपर्यंत तसेच होते. रंगकामच करायचे असेल, तर खरवडण्यापासून प्रायमरपर्यंतचे काम आधीच्या आठवड्यात मजुरीवर करून घ्यावे, तो खर्च कंपनीने उचलावा, आणि आपल्या गटाने फक्त शेवटचा हात द्यावा. खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरायला विसरू नये.

आता बालगृहाच्या नकाराविषयी. त्या अधीक्षकांना दोष देऊ नये. त्यांनी आपले कर्तव्य केले आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. नाव, पत्ता आणि शाळा यांप्रमाणेच छायाचित्रही त्यात येते, आणि भंग झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साठ जणांच्या हातात साठ मोबाइल असताना आणि त्यांतले निम्मे संध्याकाळच्या आत छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणार असताना, ही जोखीम कोणत्या अधीक्षकांनी का पत्करावी? शिवाय कायदा बाजूला ठेवला, तरी मुले उरतातच. दर शनिवारी नवे दादा आणि नव्या ताया येतात, मांडीवर घेतात, ‘तुझे आईबाबा कुठे असतात’ असे विचारतात, पुन्हा येण्याचे वचन देतात आणि येत नाहीत. रात्री त्या प्रश्नांची उत्तरे काळजीवाहकांना द्यावी लागतात. ज्याला मुलांमध्येच काम करायचे आहे, त्याने आठवड्यातून एक तास, पण वर्षभर येण्याची तयारी ठेवावी. एक दिवसाच्या गटाने मुलांपासून दूर असलेली कामे मागावीत.

आपल्या कंपनीला कदाचित हा दिवस सामाजिक दायित्वाच्या खर्चात दाखवायचा असेल, म्हणून तेही स्पष्ट करतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम या कामांवर खर्च करायची असते. परंतु कर्मचाऱ्यांच्या श्रमाचे पैशात मोल करून ते या खर्चात धरता येत नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. एकवेळचे कार्यक्रमही त्यात बसत नाहीत, ही भूमिका मंत्रालयाने २०१४ पासूनच घेतली आहे. त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने या शनिवाराचा उपयोग शून्य आहे असे समजून तो आखावा. मग टी-शर्ट, फलक आणि मुख्य कार्यालयातील पाहुण्यांची वाट पाहण्यात जाणारा पाऊण तास, या सर्वांवरचा भर आपोआप कमी होईल.

मुख्य गोष्ट अशी, की संस्थेला दूरध्वनी करताना ‘आम्ही साठ जण अमुक तारखेला येत आहोत, आम्हाला काय देता’ असे विचारू नये. ‘आपल्याकडे कोणते काम अडून आहे आणि ते किती माणसांचे आहे’ असे विचारावे. उत्तर बहुधा साठ माणसांचे नसते. बारा-पंधरा जणांचे असते. साठ जणांना एका ठिकाणी नेण्याऐवजी चार संस्थांमध्ये वाटून द्यावे आणि प्रत्येक गटातील एकाने आधी स्वतः जाऊन जागा पाहून यावी. स्वच्छतागृहे किती आहेत, बस गल्लीत वळते का, सावली कुठे आहे, या बाबी ऐनवेळी कळल्या तर अर्धा दिवस त्यांच्यातच जातो. नागपुरात एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी सात ते दहा एवढीच बाहेरच्या कामाची वेळ धरावी.

शेवटी एक सुचवतो. आपले सहकारी संगणकाचे जाणकार आहेत. करसवलतीस पात्र असलेल्या संस्थांना वर्षभराच्या देणगीदारांचे विवरण मेअखेरपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे भरावे लागते, आणि पावती पुस्तकांच्या स्थळप्रतींमधून एकेक नाव शोधून काढताना अनेक संस्थांच्या हिशेबनीसांच्या नाकी नऊ येतात. सहा जणांनी मार्चमध्ये एक दिवस बसून त्यांना नोंदींचा सुटसुटीत तक्ता करून दिला, तर त्याचे मोल चार खोल्यांच्या रंगापेक्षा मोठे आहे. फक्त तो तक्ता हिशेबनीसांना स्वतः चालवता येईल असा असावा. काही संस्थांमध्ये स्वयंसेवकाने बनवून दिलेली अशी प्रणाली आहे, पण तिचा पासवर्ड पुण्याला नोकरीसाठी निघून गेलेल्या त्या स्वयंसेवकालाच ठाऊक आहे.

प्रश्न: हिंगणा मार्गावरील एका छोट्या वृद्धाश्रमाची मी अधीक्षिका आहे. आमच्याकडे पस्तीस आजी-आजोबा आहेत. वाढदिवस, पुण्यतिथी आणि पितृपक्ष या निमित्ताने लोक मोठ्या प्रेमाने येतात, परंतु एकाच रविवारी तीन-तीन गट येतात आणि इतर दिवशी कोणी फिरकत नाही. देणगीदारांना नाही म्हणवत नाही. काय करावे?

उत्तर: ताई, आपली अडचण अनेक संस्थांची आहे. पितृपक्षात एकाच दिवशी दोनदा खीर-पुरी आणि संध्याकाळी गुलाबजाम, असे जेवण मधुमेह असलेल्या आजोबांच्या वाट्याला येते. पुढचे दोन दिवस साखर वाढल्याची धावपळ करणाऱ्या आपणच असता. अशा वेळी नाही म्हणणे हा उद्धटपणा ठरत नाही. मात्र नुसते ‘नाही’ देण्याऐवजी दुसरी तारीख द्यावी, म्हणजे समोरचा दुखावत नाही. कार्यालयाच्या भिंतीवर वर्षाची मोठी दिनदर्शिका लावून तीत ठरलेल्या भेटी ठळक लिहाव्यात. देणगीदार समोर बसलेले असताना त्यांना ती दाखवून, ‘पितृपक्षातील सर्व दिवस भरले आहेत, पण कार्तिकात आमच्याकडे कोणी येत नाही, वडिलांच्या नावाने तेव्हा गरम पाण्याच्या पिशव्या आणि ब्लँकेट दिलेत तर थंडीत सर्वांना उपयोग होईल’ असे सांगावे. नागपूरची डिसेंबरची थंडी त्यांनाही ठाऊक असते.

दुसरे म्हणजे, एक दिवसासाठी येणाऱ्यांकरिता अर्ध्या पानाची सूचनावजा माहिती छापून ठेवावी. गटात पंधरापेक्षा अधिक माणसे नसावीत, भेटीची वेळ दुपारच्या विश्रांतीनंतरची असावी, बाहेरचे गोड पदार्थ आणण्यापूर्वी विचारावे, छायाचित्र काढण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, इतके पुरे. त्याच कागदाच्या मागे सध्या अडलेली कामे लिहावीत आणि ती दर महिन्याला बदलावीत. पंख्यांची पाती पुसणे, औषधांच्या कपाटातील मुदत संपलेल्या पट्ट्या वेगळ्या काढणे (हे काम औषधनिर्मात्याच्या किंवा परिचारिकेच्या देखरेखीखालीच व्हावे), दोघा-तिघांना डोळ्यांच्या तपासणीसाठी रुग्णालयात नेऊन आणणे, आयुष्मान कार्ड किंवा निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी सोबत करणे. यांतले शेवटचे काम नोव्हेंबरमध्ये सोन्याच्या मोलाचे असते, कारण निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले त्याच महिन्यात द्यावे लागतात आणि स्वतःची गाडी घेऊन आलेला एक माणूस त्या दिवशी तीन-चार आजोबांचे काम करून देऊ शकतो.

भजनाचा किंवा गप्पांचा कार्यक्रम ठरला, तरी ज्यांना खोलीचे दार बंद ठेवायचे आहे त्यांना ते ठेवू द्यावे. पाहुणे आले म्हणून सर्वांनी सभागृहात ओळीने बसलेच पाहिजे, असा दंडक काही संस्थांमध्ये असतो. मला तो मुळीच पटत नाही. ते त्या माणसांचे घर आहे.

प्रश्न: आमचे मित्रमंडळ दरवर्षी ५ जूनला पर्यावरण दिनानिमित्त एका संस्थेच्या आवारात वृक्षारोपण करते. दुसऱ्या वर्षी पाहावे, तर त्यांतील जेमतेम दोन-तीन रोपे जगलेली असतात. संस्थेचे लोक लक्ष देत नाहीत, अशी आमची तक्रार आहे. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर: तारीख बदलावी. ५ जूनला विदर्भात नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच सरलेला असतो, पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असतो आणि मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यानंतरच नागपूरला पोहोचतो. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असताना लावलेले रोप पहिल्या आठवड्यातच करपते. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत, शेणखत आणि माती मिसळून भरावेत, आणि लागवड जुलैमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी. संस्थेविषयीची तक्रार मात्र मला मान्य नाही. पाऊस संपल्यानंतर पुढच्या जूनपर्यंत प्रत्येक रोपाला पाणी हवे असते, आणि ज्या संस्थेत उन्हाळ्यात पिण्यासाठीच टँकर येतो, तिने पन्नास रोपांना कुठून पाणी घालावे? दहाच रोपे लावावीत. कडुनिंब, करंज, बहावा यांसारखी येथील हवामानाला सरावलेली निवडावीत, त्यांना जाळ्या बसवाव्यात आणि नोव्हेंबरपासून मंडळाने पाळीपाळीने पाणी घालायला जावे. ते जमणार नसेल, तर त्या पैशांतून संस्थेला पाण्याची टाकी द्यावी.

प्रश्न: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परदेशातील प्रवेशासाठी समाजसेवेचे प्रमाणपत्र लागते. एका संस्थेने एक दिवस येऊन शुल्क भरल्यास चाळीस तासांचे प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली आहे. ते घ्यावे का?

उत्तर: घेऊ नये. ते खोटे आहे आणि ती संस्थाही टाळण्यासारखी आहे. प्रमाणपत्रावर तारीख, प्रत्यक्ष केलेले तास आणि कामाचे स्वरूप एवढेच असावे; सहा तास काम केले असेल, तर सहाच लिहावेत. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा विभाग असेल, तर तेथे नाव नोंदवावे. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे शिबिर असते. सुट्टीत वेळ असल्यास चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे, बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीची चौकशी करावी. मे महिन्याच्या उन्हात पहाटे कुदळ चालवण्याची तयारी मात्र हवी.

प्रश्न: मी गृहिणी आहे. मुले मोठी झाल्याने वेळ मिळतो, पण घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्यामुळे दर आठवड्याला जाण्याचे बंधन घेता येत नाही. एका संस्थेत एक दिवस गेले, तर मला मागच्या खोलीत बसवून दिवसभर जुने कपडे निवडायला लावले. कोणी धड बोललेही नाही. मन खट्टू झाले. माझ्यासारखीने काय करावे? (एक वाचक, महाल)

उत्तर: आपल्याशी कोणी बोलले नाही, ही त्या संस्थेची उणीव आहे. आल्याबरोबर दहा मिनिटे काढून हे काम कशासाठी आहे, ते सांगायला हवे होते. आता ते मी सांगतो. दिवाळीच्या साफसफाईत लोक गाठोडी आणून देतात, तेव्हा त्यांत धुतलेल्या साड्यांसोबत फाटलेले गणवेश, एका पायाची चप्पल, उसवलेल्या उशा आणि कधी कधी ओले टॉवेलही असतात. ते गाठोडे कोणी उघडेपर्यंत तसेच पडून राहते. एका ओल्या टॉवेलामुळे सगळ्या गाठोड्याला बुरशी येते. आपण त्या दिवशी वेगळे काढलेले स्वेटर कोणाच्या तरी अंगावर गेले असतील; न निवडलेले कपडे गोदामातून थेट कचऱ्यात जातात. थोडक्यात, आपल्याला दिलेले काम खरोखर अडलेले होते.

तरीही आपल्याला माणसांमध्ये राहून करण्याजोगे आणि एका दिवसात पुरे होणारे काम हवे असेल, तर नागपुरात अशा संधी आहेत. गणेश विसर्जनाच्या दिवशी फुटाळा तलावाजवळच्या आणि इतर ठिकाणच्या कृत्रिम टाक्यांपाशी निर्माल्य वेगळे घेण्यासाठी संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत हात कमी पडतात. अशोक विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो अनुयायी येतात आणि शहरातील असंख्य गट भोजन, पाणी व औषधोपचाराचे दालन चालवतात. तेथे पहाटेच्या पाळीला माणसे मिळत नाहीत, म्हणून तीच पाळी मागावी. अशा दिवशी गर्दीच एवढी असते, की एका दिवसापुरता आलेला माणूस कोणाला ओझे वाटत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हाही ज्यांनी फावडे आणि बादली घेऊन घरांतला गाळ उपसला, त्यांतील बहुतेक जण एक-दोन दिवसांसाठीच आले होते. बिस्किटांचे पुडे त्या वेळी गरजेपेक्षा अधिक जमले होते. गमबूट आणि झाडू मात्र कमी पडले.

रक्तदान हेही एका सकाळीचे काम आहे. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण बरेच आहेत, त्यांतील अनेकांना वारंवार रक्त द्यावे लागते, आणि महाविद्यालयांना सुट्ट्या लागल्या की उन्हाळ्यात रक्तपेढ्यांमध्ये टंचाई होते. हिमोग्लोबिन साडेबारा असल्यास आणि प्रकृती ठीक असल्यास स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येते. शिबिराचा मंडप आणि भेटवस्तू यांची वाट न पाहता मे महिन्यात सरळ रक्तपेढीत जावे.

आपले हस्ताक्षर स्वच्छ असेल, तर आणखी एक काम आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक लागतो. आपण एका पेपरपुरत्या, म्हणजे तीन-साडेतीन तासांसाठी जाऊ शकता. लेखनिकाचे शिक्षण किती असावे, याच्या अटी परीक्षेनुसार वेगळ्या असतात. म्हणून दृष्टिहीनांच्या संस्थेत नाव देताना आपले शिक्षण, भाषा आणि गणिताची चिन्हे लिहिता येतात की नाही, हे स्पष्ट लिहून द्यावे. परीक्षेच्या आधी एकदा त्या विद्यार्थ्याबरोबर बसून त्याचा सांगण्याचा वेग समजून घ्यावा. उत्तर चुकीचे वाटले, तरी तो सांगेल तेच लिहायचे असते. सासूबाईंपाशी त्या दिवशी कोणाला बसवायचे, हे मात्र आदल्या आठवड्यातच ठरवून ठेवावे, कारण ऐनवेळी लेखनिक आला नाही, तर त्या विद्यार्थ्याचा पेपर जातो.